धरतो, पण सोडत नाही

जुलै उजाडला की एटापल्ली-भामरागडकडच्या सायकलींचं एकच दुखणं. ‘काका, ब्रेक पकडूनच रायते जी, सोडतच नाही.’ मिस्त्रीला हे सांगणारी मुलगी निम्मा रस्ता सायकल ढकलत आलेली असते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शाळेचे तीन-चार किलोमीटर त्यांच्यावर निभतात. दुरुस्तीचं दुकान मात्र बहुतेकदा तालुक्याच्याच गावी. म्हणून हे दुखणं घरच्या घरी ओळखता यायला हवं, आणि ते येतं.

ब्रेक दाबतो आपला हात, सोडते ती स्प्रिंग. हाताला जोर भरपूर, स्प्रिंगला बेताचा. गंज चढला, चिखल बसला तरी हात ब्रेक लावून घेतोच. परत फिरताना मात्र स्प्रिंग हरते. म्हणजे रबरं रिमला चिकटून राहतात तेव्हा स्प्रिंग पिळत बसण्याआधी अडलंय कुठे ते शोधावं.

केबलच्या ब्रेकमध्ये हे शोधायला १० नंबरचा पाना बहुधा पुरतो. चाकावरच्या चिमट्याजवळचा नट सैल करून वायर मोकळी करा. आता चिमटा हाताने रिमवर दाबा आणि सोडा. टणकन उघडला, तर चिमटा निर्दोष. दोष केबलमध्ये किंवा मुठीत. तसाच मिटून राहिला, तर मधला बोल्ट जाम आहे किंवा कुणीतरी नको तितका आवळलाय. तिथे तेलाचे दोन थेंब टाका, बोल्ट किंचित सैल करा.

दहातल्या सात सायकलींत, माझ्या अनुभवाने, गुन्हेगार केबलच निघते. बाउडेन नावाच्या संशोधकाने १८९६ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती साधी आहे: बाहेर न दबणारं आउटर, आत सरकणारी तार. पावसाचं पाणी आउटरमध्ये शिरतं आणि सर्वांत खालच्या वळणावर साचतं. तार नेमकी तिथेच गंजते. सुरजागडकडच्या रस्त्यावर लाल चिखल, घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाची भुकटी. तेलात मिसळली की तिचा काळा लेप होतो. आणखी एक कारण मी शाळांच्या सायकल स्टँडवर पुन्हा पुन्हा पाहिलंय: हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी. तिच्या वजनाने केबल मुठीशीच मुडपते. पिशवी मागच्या कॅरिअरवर गेली की निम्मी तक्रार संपते.

तार बाहेर ओढून पुसा. आउटर उभं धरून वरून शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडा, खालच्या टोकातून बाहेर येईपर्यंत. तारेचे धागे तुटले असतील तर तेलाने भागणार नाही. तार आणि आउटर दोन्ही नवीन घाला. तेलाचा हात रिमला किंवा रबराला लागू देऊ नका. सोडण्याचं दुखणं बरं करताना धरणं गेलं, तर उतारावर जीवावर बेतेल.

एकच रबर घासत असेल तर आधी ब्रेककडे नव्हे, चाकाकडे बघा. पंक्चर काढल्यावर चाक तिरकं बसलेलं असतं. नट सैल करून ते मधोमध बसवा, मग फिरवून बघा. फिरताना डावी-उजवी डुलत असेल तर रिम आउट आहे. चाकाच्या तारा ताणणं मिस्त्रीचंच काम. सगळं सरळ असेल तर दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवा. रबर रिमवर पुरतं टेकलं पाहिजे, टायरला मुळीच नाही. टायरला लागलं तर ते त्याला कापतं.

वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलीला दांडीचा ब्रेक असतो. तो रिमला आतल्या अंगाने, वरच्या दिशेने धरतो आणि बराचसा स्वतःच्या वजनाने खाली येतो. दांडी जिथून सरकते त्या कडीत चिखल वाळला, की ती वरच लटकते. कडी खरवडून पुसा, वाकलेली दांडी सरळ करा, सांध्यांवर थेंबभर तेल टाका.

निघण्यापूर्वी मागचा ब्रेक करकचून दाबा आणि सायकल पुढे ढकला: मागचं चाक फरफटलं पाहिजे. मग मूठ सोडा, मागचं चाक उचलून हाताने फिरवा आणि कान देऊन ऐका. घासल्याचा आवाज येत नसेल, तर बसा सायकलवर.