जीपवरील अँटेना कोठे बसवावा?

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांनी व्यापलेला आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत पावसाळ्यात वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यास भ्रमणध्वनीही निरुपयोगी ठरू शकतो. अशा वेळी मदतकार्यावरील जीपमधील बिनतारी संदेशयंत्र हाच आधार असतो. मात्र यंत्र उत्तम असूनही अँटेनाची जागा चुकल्यास संदेश पोहोचत नाही.

पत्र्याचे महत्त्व

अँटेनाची उभी काठी हा यंत्रणेचा अर्धाच भाग होय. दुसरा अर्धा भाग म्हणजे तिच्याखालील धातूचा पत्रा. १५० मेगाहर्ट्‌झ लहरीची लांबी सुमारे २ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे अर्ध्या मीटरची काठी पुरेशी होते. तिच्या चोहोबाजूंस साधारण तितकाच पत्रा असावा. म्हणूनच पोलादी टपाचा मध्यभाग ही सर्वोत्तम जागा ठरते. मागील बंपरवर अँटेना बसविल्यास गाडीचा सांगाडाच आड येतो व संदेश सर्व दिशांस सारखा जात नाही.

अडचणी व उपाय

जंगलवाटेवर फांद्या टपाला घासतात. त्यासाठी काठी लवचीक किंवा स्प्रिंगच्या बैठकीवरील असावी. कापडी टपाच्या जीपला वर पत्रा नसतो. तेथे बॉनेटची कड किंवा मडगार्ड निवडावे, अथवा पत्र्याची गरज नसलेला अर्धलहरी अँटेना वापरावा. तात्पुरत्या घेतलेल्या वाहनास चुंबकीय बैठक सोयीची असते. परंतु ती फायबर वा अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, शिवाय फांदीच्या धक्क्याने निसटते. कायम जोडणीत बैठकीखालचा रंग खरवडून धातूशी पक्का संपर्क साधावा, छिद्र पाणी शिरणार नाही असे बंद करावे आणि केबल दारात चेपू देऊ नये.

मर्यादांची जाणीव

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगराआडची दरी योग्य जागी बसविलेल्या अँटेनालाही जिंकता येत नाही. त्यासाठी उंचावरील पुनःप्रक्षेपण केंद्र हवे, किंवा जीप खिंडीपर्यंत न्यावी लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावातून चाचणी घेऊन कोठून संपर्क होतो व कोठून होत नाही याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. परवान्याची पूर्तताही आधीच करावी. संकटसमयी ही नोंद यंत्राइतकीच मोलाची ठरेल.