इंग्रजीतील भविष्यकाळ व मराठी भाषक

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीसारख्या वैनगंगेकाठच्या तालुक्यात ‘पूर ओसरेल तेव्हा बस सुटेल’ हे वाक्य पावसाळ्यात सहज कानी पडावे असे आहे. मराठी विद्यार्थी त्याचे इंग्रजी बहुधा ‘व्हेन द फ्लड विल सब्साइड, द बस विल लीव्ह’ असे करतो. यातील पहिले ‘विल’ अशुद्ध होय. ही चूक का घडते, याचा विचार केल्यास दोन्ही भाषांच्या काळव्यवस्थेवर प्रकाश पडतो.

मराठीत ‘जाईन, जाशील, जाईल’ अशी भविष्यकाळाची प्रत्ययसिद्ध रूपे आहेत. इंग्रजी क्रियापदास असा प्रत्यय नाही. तेथे प्रत्ययसिद्ध काळ दोनच, वर्तमान व भूत. भविष्यार्थ साहाय्यकारी क्रियापदांनी व अन्य रचनांनी दाखविला जातो. ‘शॅल’चा मूळ अर्थ कर्तव्य वा ऋण, तर ‘विल’चा इच्छा. प्रथमपुरुषी ‘शॅल’ व अन्यत्र ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये आपल्या व्याकरणात मांडला. आजच्या व्यवहारात मात्र तिन्ही पुरुषी ‘विल’च रूढ आहे. ठरलेला बेत वा दिसणारे लक्षण सांगावयाचे असता ‘गोइंग टू’ येते. मराठीत तेथे बहुधा ‘णार’ शोभते. वेळापत्रकासाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘द बस लीव्ह्ज ॲट सिक्स’, मराठीतही ‘बस सहाला सुटते’ असेच म्हणतात.

आता मूळ वाक्याकडे वळू. मुख्य वाक्यातील ‘विल’ने भविष्यकाळ एकदा सूचित झाला, म्हणून कालदर्शक गौणवाक्यात इंग्रजी वर्तमानकाळच योजते: ‘व्हेन द फ्लड सब्साइड्स’. परंतु ‘बस केव्हा सुटेल हे ठाऊक नाही’ यात ‘व्हेन द बस विल लीव्ह’ हेच शुद्ध, कारण हे नामवाक्य होय. मराठी भाषकास याची खूण आपल्याच भाषेत सापडते: जेथे ‘जेव्हा’ वा ‘तेव्हा’, तेथे वर्तमान, जेथे प्रश्नार्थक ‘केव्हा’, तेथे ‘विल’.

रूप व काळ यांतील हा भेद मराठीस नवा नाही. ‘पूर ओसरला तर बस सुटेल’ यात ‘ओसरला’ हे भूतकाळी रूप भावी घटनाच सांगते. ‘हा आलोच’ म्हणणारा अद्याप आलेला नसतो. अध्यापकाने मातृभाषेतील या उदाहरणांपासून आरंभ केल्यास इंग्रजीचा नियम पाठ करण्याऐवजी समजून घेता येईल.