आशय, रूप आणि मालकी : दोन निवाड्यांचा तौलनिक विचार

एखादी कृती ‘नवी’ केव्हा ठरते, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाला अपरिचित नाही. प्रभाव, रूपांतर, अनुवाद यांची चर्चा अखेर त्याच प्रश्नापाशी येऊन ठेपते. बौद्धिक संपदेच्या कायद्यालाही तो सोडवावा लागतो; मात्र तेथे उत्तरावर मालकी अवलंबून असते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे, एक नाटकासंबंधीचा व दुसरा औषधासंबंधीचा, शेजारी ठेवून पाहणे या दृष्टीने उद्बोधक आहे.

पहिला निवाडा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यातील, १९७८ चा. १९५६ मधील ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाची नक्कल आहे, असा आनंद यांचा दावा होता. प्रांतीयवाद हा दोन्ही कृतींचा विषय. न्यायालयाने दावा फेटाळला. कल्पना, विषय वा कथासूत्र यांवर प्रताधिकार नसतो. संरक्षण मिळते ते अभिव्यक्तीला. दोन्ही कृती पाहणाऱ्याच्या मनावर नकलेचा निःसंदिग्ध ठसा उमटतो काय, ही कसोटी ठरली. आशय सर्वांचा, रूप तेवढे कर्त्याचे, असा याचा अर्थ.

दुसरा निवाडा १ एप्रिल २०१३ चा. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेट या औषधाच्या ‘बीटा’ स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने पेटंट मागितले होते. पेटंट अधिनियमात २००५ साली दुरुस्ती झालेल्या कलम ३ (डी) नुसार ज्ञात द्रव्याचे नवे रूप, त्याची परिणामकारकता वाढल्याखेरीज, शोध ठरत नाही. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगनिवारक परिणामकारकता, असा अर्थ लावून न्यायालयाने पेटंट नाकारले.

साहित्यात जे रूप नावीन्यासाठी पुरेसे ठरले, तेच औषधात अपुरे ठरले. ही विसंगती नव्हे. प्रताधिकार इतर लेखकांना त्याच विषयावर लिहिण्यास मोकळे ठेवतो. पेटंट मात्र स्वतंत्रपणे त्याच शोधापर्यंत पोहोचलेल्यालाही वीस वर्षे अडवते. वाचकाला दुसरे पुस्तक घेता येते. रुग्णाला अनेकदा दुसरे औषध नसते. जेथे मक्तेदारी अधिक कठोर, तेथे नावीन्याची कसोटीही अधिक कठोर असणे न्याय्यच होय.

तथापि ‘रूप कर्त्याचे’ हे सूत्र अनुवादापाशी अडखळते. अनुवादात मूळ संहितेतील बहुतेक सर्व शब्द बदलतात. तरीही प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार अनुवादाचा हक्क मूळ कृतीच्या प्रताधिकारातच समाविष्ट आहे. म्हणजे शब्द पालटूनही टिकणारे, पण निव्वळ आशय नसलेले असे काही कृतीत असते, हे कायदा गृहीत धरतो. त्याची व्याख्या मात्र करीत नाही. ती करणे हे न्यायालयापेक्षा तौलनिक अभ्यासकाचे काम आहे. अनुवादकाचे स्वातंत्र्य कोठे संपते, याचे उत्तर त्या व्याख्येवरच अवलंबून राहील.