रुळांवरून आला दवाखाना!

दोस्तांनो, आपल्या सोलापूरहून रोज रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईला निघते. तिच्यात काय काय असतं? बर्थ, खिडक्या, चहावाले काका, आणि वरच्या बर्थवर कोण झोपणार यावरून तुमची भांडणं! पण ज्या गाडीच्या डब्यात चक्क ऑपरेशन होतं, अशी गाडी ठाऊक आहे?

थापा नाहीत हं! तिचं नाव लाइफलाइन एक्सप्रेस. मुंबईच्या ‘इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन’ या संस्थेनं रेल्वेच्या मदतीनं १९९१ साली ती सुरू केली. तेव्हा तिला होते अवघे तीन डबे. पुढे वाढत वाढत ते झाले सात!

बाकीच्या गाड्यांना पोहोचायची घाई. हिला मात्र थांबायचं असतं! एखाद्या लांबच्या, लहानशा स्टेशनवर ती कितीतरी दिवस मुक्काम ठोकते. आत ऑपरेशनची खोली, दिवे, यंत्रं, सगळं तयार. डॉक्टर येतात, आसपासच्या गावांतली माणसं येतात. कुणाचे डोळे, कुणाचे कान, कुणाचा फाटलेला ओठ! आणि पैसे? एक रुपयाही नाही!

ही संस्था ज्या चळवळीतून आली, ती ‘इम्पॅक्ट’ चळवळ जगात कुणी सुरू केली असेल? ओळखा पाहू! एका इंग्रज माणसानं, सर जॉन विल्सन यांनी. आणि त्यांना स्वतःला काहीच दिसत नव्हतं!

जॉनचा जन्म १९१९ सालचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. घरी ना राजवाडा, ना जहागीर. ‘सर’ हा किताब त्यांना १९७५ साली मिळाला, तोही कामामुळे!

जॉन १२ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याएवढाच! शाळेत रसायनशास्त्राचा तास चालू होता. प्रयोग करताना अचानक स्फोट झाला आणि जॉनची दृष्टी कायमची गेली.

मग काय, शाळा सुटली? छे! तो बोटांनी ब्रेल लिपी वाचायला शिकला. थेट ऑक्सफर्ड विद्यापीठात गेला आणि कायदा शिकून बाहेर पडला.

पुढे जॉन आफ्रिकेत फिरले. तिथे वेगानं वाहणाऱ्या नद्यांच्या काठी एक चिमुकली काळी माशी वाढते. ती चावली की माणसाच्या अंगात बारीक जंतांची पिल्लं शिरू शकतात. अशा माश्या वर्षानुवर्षं चावत राहिल्या की डोळे जातात. काही गावांत इतक्या साऱ्या मोठ्या माणसांचे डोळे गेले होते, की लहान मुलं त्यांना काठी धरून नेत! नदीकाठची सुपीक जमीन सोडून लोक दूर निघून गेले होते.

जॉनना कळलं, यांचे डोळे वाचवता आले असते! आपली दृष्टी परत येणार नाही, पण जगातल्या कितीतरी लोकांची वाचवता येईल, परतही आणता येईल. झालं! १९५० साली त्यांनी संस्था काढली. तीच आजची ‘साइटसेव्हर्स’. तिच्या मदतीनं भारतातही गावोगावी डोळ्यांची शिबिरं झाली.

गेलेली दृष्टी परत? ती कशी? मोतीबिंदूत हे होतं. आपल्या डोळ्यात, बुबुळाच्या मागे, एक छोटंसं पारदर्शक भिंग असतं. वय वाढलं की ते गढूळ होतं. का, ते कळायला स्वयंपाकघरात चला. अंडं फोडलं की आतला पांढरा भाग आधी कसा दिसतो? पाण्यासारखा, आरपार! तव्यावर पडला की पांढराफटक. त्यातल्या प्रथिनांचे गोळे झाले, म्हणून आरपार दिसेनासं झालं. डोळ्यातल्या भिंगातही प्रथिनंच असतात. तिथे चूल नाही, पण वर्षानुवर्षं हळूहळू तसंच काहीसं घडत जातं.

आता सांगा, शिजलेलं अंडं पुन्हा कच्चं होईल? कधीच नाही! म्हणूनच मोतीबिंदू थेंब घालून जात नाही. डॉक्टर डोळा बधिर करतात, गढूळ भिंग काढतात आणि तिथे नवं इवलंसं भिंग बसवतात. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत काम फत्ते! पट्टी सुटते आणि आजोबांना नातवाचा चेहरा पुन्हा स्वच्छ दिसतो!

आपल्या जवळच्या लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि खेडोपाडी शिबिरं भरवून मोतीबिंदूची एक लाखाहून जास्त ऑपरेशनं केली आहेत. एक लाख! २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दवाखाना लांब असेल, तर दवाखान्यानंच माणसाकडे जायचं. लहाने डॉक्टर तेच करतात आणि लाइफलाइन एक्सप्रेसही!

सर जॉन १९९९ साली वारले. त्यांच्या कामातला एक छोटासा भाग मात्र तुम्हीही करू शकता. अगदी आज!

आजीला कॅलेंडरसमोर उभं करा. तळहातानं एक डोळा झाकायला सांगा आणि उघड्या डोळ्यानं तारखा वाचायला लावा. मग दुसरा डोळा झाका. एकेक करूनच का? कारण चांगला डोळा अधू डोळ्याचं काम गुपचूप करून टाकतो. मग एका डोळ्यानं कमी दिसतंय, हे आजीलाच कळत नाही!

एखादी तारीख अंधूक दिसली, तर लगेच आई-बाबांना सांगा. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. आणि आजी म्हणाली, “राहू दे रे, आता वय झालं,” तर अजिबात ऐकू नका. तिला अंड्याची गोष्ट सांगा, हात धरा आणि डॉक्टरांकडे घेऊन चला!