जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पमधला हाय गेन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल फार दुबळा असतो, साधारण एका व्होल्टाच्या दशांशाएवढा. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये तो टप्प्याटप्प्याने वाढत जातो. एखाद्या टप्प्याच्या आवाक्याबाहेर गेला की त्याच्या लहरींची शिखरे कापली जातात आणि स्वर फाटतो. हे फाटणे एकाच टप्प्यावर न होता प्रीॲम्पच्या दोन-तीन टप्प्यांत वाटून झाले की दाट, लांब टिकणारा स्वर मिळतो. त्यालाच हाय गेन म्हणतात. १९५० आणि ६०च्या दशकांतले फेंडर किंवा मार्शल ॲम्प या कामासाठी बनलेलेच नव्हते, म्हणून त्यांत फेरफार करण्याची प्रथा पडली आणि तिच्याबरोबर बऱ्याच चुकीच्या समजुतीही रुजल्या.

सर्वांत जुनी समजूत अशी की ‘जास्त गेनचा’ व्हॉल्व्ह बसवला की काम झाले. तिला आधार नाही असे नाही. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी जेटीएम४५ हा ॲम्प तयार केला, तो फेंडरच्या ५एफ६-ए बासमन सर्किटवरून. फेंडरमध्ये पहिल्या टप्प्यावर १२एवाय७ हा व्हॉल्व्ह होता. त्याचा वर्धनांक चाळिशीच्या आसपास असतो, तर मार्शलने वापरलेल्या ईसीसी८३चा १००. त्या बदलाने ॲम्प लवकर फाटू लागला हे खरे. पण ईसीसी८३ आणि १२एएक्स७ ही एकाच व्हॉल्व्हची युरोपीय आणि अमेरिकी नावे आहेत, आणि तो आधीपासून बसलेला असेल तर त्याच जातीत त्याहून वरचा व्हॉल्व्ह उरत नाही. निरनिराळ्या कारखान्यांच्या व्हॉल्व्हमध्ये आवाजाचा पोत आणि खरखर थोडीफार बदलते, पण सर्किटला नसलेला टप्पा त्यांच्यामुळे मिळत नाही.

त्यापुढची समजूत अधिक नुकसान करते : टप्पे वाढवा, प्रत्येक टप्प्याचा गेन शिगेला न्या. १९७५ साली आलेल्या मार्शल २२०३ या मास्टर व्हॉल्यूम (प्रीॲम्प फाटल्यानंतरचा एकूण आवाज वेगळा कमी करणारा कंट्रोल) असलेल्या ॲम्पचे सर्किट पाहिले की उलटेच दिसते. त्यात पहिल्या टप्प्यानंतर आणखी एक टप्पा जोडला आहे, पण त्या दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला १० किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि त्याला समांतर कपॅसिटर नाही. त्यामुळे एरवी पन्नासपट वाढवणारा टप्पा दहापटीच्या आत येतो. मात्र तो लहरीची एकच बाजू आधी कापतो, आणि त्या एकतर्फी कापण्यातूनच या ॲम्पची ओळख असलेली कुरकुरीत धार येते. पुढे दोन ४७० किलोओहम रेझिस्टरांच्या विभाजकात सिग्नल पुन्हा जवळपास निम्मा होतो. १९८७च्या सोल्डानो एसएलओ-१००मध्ये अशाच एकतर्फी कापणाऱ्या टप्प्याचा कॅथोड रेझिस्टर ३९ किलोओहमपर्यंत नेलेला आहे. म्हणजे हाय गेनचे कौशल्य वाढवण्याइतकेच मधल्या मधल्या उतारांत आहे. हे विभाजक काढून टाकले तर ॲम्प शिट्टी मारू लागतो, आणि नवशिक्याचा पहिला फेरफार बहुधा इथेच फसतो.

खर्जाचीही हीच गोष्ट. स्वर जाड हवा म्हणून मोठे कपॅसिटर बसवले जातात. गिटारची सर्वांत खालची ई तार ८२ हर्ट्झवर वाजते. तो खर्ज जसाच्या तसा फाटणाऱ्या टप्प्यांत शिरला तर जोरकस ठोक्यानंतर ग्रिडमधून प्रवाह वाहतो, मोठ्या कपॅसिटरवर भार साठतो आणि पुढचा टप्पा क्षणभर बंद पडतो. ऐकणाऱ्याला स्वर चिखलासारखा वाटतो, नोटा तुटतात. म्हणून मार्शलच्या लीड ॲम्पमध्ये पहिल्या कॅथोडला २.७ किलोओहमसोबत केवळ ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, तर बास ॲम्पला शोभेल अशा जोडणीत तिथे २५० मायक्रोफॅरडसारखा मोठा येतो. खर्ज फाटण्याच्या आधी कमी करायचा आणि फाटून झाल्यावर टोन कंट्रोल व स्पीकरकडून परत घ्यायचा, हा क्रम सांभाळला तर फक्त दोन-तीन स्वस्त सुटे भाग बदलून जुना ॲम्प ओळखू येणार नाही इतका सुधारतो.

गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या १९७८च्या पहिल्या अल्बममधल्या स्वरामुळे आणखी एक समज पसरला, की त्याने मार्शलला व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) जादा व्होल्टेज दिले. प्रत्यक्षात तो व्होल्टेज कमी करत होता, १२०ऐवजी ९०च्या आसपास. त्यामुळे ॲम्प पूर्ण उघडा ठेवूनही तुलनेने कमी जोरात वाजे. त्याची नक्कल करतानाही जपायला हवे, कारण व्होल्टेज उतरले की व्हॉल्व्हच्या तंतूंचे ६.३ व्होल्टही उतरतात, १२०वरून ९०ला गेल्यास सुमारे ४.७पर्यंत. उलट जादा व्होल्टेज दिले तर कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह यांचा बळी ठरलेला.

कमी वॅटचा ॲम्प शेजाऱ्यांना त्रास देत नाही, हेही अर्धेच खरे. १०० वॅटवरून ५०वर आल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने कमी होतो. कानाला तो निम्मा वाटायला १० वॅटपर्यंत खाली यावे लागते. म्हणून कुवेतमधल्या जलीब अल शुयूखसारख्या वस्तीत, जिथे एकेका फ्लॅटमध्ये अनेक कामगार राहतात, मास्टर व्हॉल्यूम असलेला प्रीॲम्पचा हाय गेनच व्यवहार्य ठरतो.

जलीबमधल्या हसावी किंवा अब्बासियात अमेरिकी ॲम्प आणणाऱ्याला विजेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. कुवेतची वीज २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झाले, असे मानले जाते. पण तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ५० हर्ट्झवर चुंबकीय भार २० टक्क्यांनी वाढतो. जुन्या फेंडरवर ११७ व्होल्ट लिहिलेले असेल तर २४०चे निम्मे म्हणजे १२० व्होल्ट त्यात आणखी भर घालतात. काही ट्रान्सफॉर्मर हे सोसतात, काही तापून जळतात. २४० व्होल्टची टॅप असलेला जुना ब्रिटिश मार्शल तिथे विनासायास चालतो, आणि भारतातल्या २३० व्होल्टवरही. दोन पिनांची जुनी अमेरिकी वायर मात्र काढून तीन तारांची, अर्थिंग असलेली वायर बसवलीच पाहिजे. चॅसी आणि मेन्स यांच्यामध्ये जोडलेला जुना कपॅसिटरही त्याच वेळी काढायचा. एका हातात गिटारची तार आणि ओठांशी मायक्रोफोन असताना हे न करण्याची चूक जिवावर बेतते.

‘मूळ कपॅसिटर बदलले तर मूळ स्वर जातो’ हा समज संग्राहकांनी जपलेला आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कधी ना कधी सुकतोच, आणि उष्णतेत त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. ढोबळ हिशेबाने तापमानातल्या दर १० अंशांच्या वाढीला निम्मे होते. कुवेतमध्ये मित्रीबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. अशा देशात ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर घेणे शहाणपणाचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेतानाही व्होल्टेजबरोबर हा आकडा वाचावा. सुकलेल्या कपॅसिटरमुळे येणारी गुणगुण हाय गेनमध्ये कित्येक पटींनी वाढते, म्हणून आधी दुरुस्ती आणि मग फेरफार.

प्लग काढला की ॲम्प निर्धोक झाला, हा शेवटचा आणि सर्वांत घातक समज. मोठ्या मार्शलमध्ये ४५० ते ५०० व्होल्ट खेळत असतात आणि फिल्टर कपॅसिटर ते बंद केल्यानंतरही धरून ठेवतात. रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मग मीटरने मोजून खात्री करायची, त्यानंतरच सोल्डरिंगला हात लावायचा.

चॅसीला नवे भोक पाडणे टाळावे, कारण दुर्मिळ ॲम्पची किंमत त्या एका भोकाने उतरते. नव्या कंट्रोलसाठी सहसा न वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या इनपुटची जागा चालते. काढलेले मूळ रेझिस्टर आणि कपॅसिटर पाकिटात घालून, बदललेल्या जागांच्या आकृतीसह कॅबिनेटमध्ये ठेवावेत, म्हणजे पुढच्या मालकाला तो ॲम्प पूर्ववत करता येतो.