गाडीतला मुक्काम : काटकसर खरी, पण खबरदारीसह

कापडाच्या तिजारतीत माणूस महिन्यातले आठ-दहा दिवस रस्त्यावरच असतो. मालेगावचा व्यापारी वसुलीसाठी धुळे, जळगाव, नंदुरबारकडे जातो. भिवंडीचा माणूस नमुने घेऊन इचलकरंजी, सोलापूर गाठतो. पूर्वी हा सफर एस. टी. ने होत असे आणि रात्र मुसाफिरखान्यात किंवा ओळखीच्या दुकानाच्या माडीवर निघत असे. आता बऱ्याच व्यापाऱ्यांकडे छोटी एसयूव्ही आली आहे. मागची सीट पाडून तिच्यातच रात्र काढणारे बांधव ढाब्या-ढाब्यावर दिसतात. आम्हीही त्यांपैकीच एक. लॉजचे हजार-बाराशे रुपये वाचतात आणि माल नजरेसमोर राहतो. परंतु या मुक्कामाचे काही नियम आहेत. ते न समजता झोपणे म्हणजे हजार रुपयांसाठी जीव गहाण टाकणे होय.

आमची चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी वसुली आटोपून आम्ही आणि आमचा गुमास्ता रात्री उशिरा परत निघालो. गाडी आम्हीच चालवत होतो. डोळा कधी लागला ते कळले नाही. चाके रस्ता सोडून कडेच्या खडीवर उतरली, त्या आवाजाने आम्ही जागे झालो. पुढे दहा हातांवर मोरीचा कठडा होता. पुढचा ढाबा येताच गाडी उभी केली. उकाडा होता, म्हणून काचा बंद करून आणि एसी चालू ठेवून दोघेही झोपलो. तासाभराने एका ट्रकचालकाने काचेवर थापा मारून आम्हाला उठवले. डोके ठणकत होते, मळमळत होते. तो म्हणाला, "शेठ, इंजिन बंद करा. असे झोपलेले सगळेच उठत नाहीत." एका रात्रीत दोन वेळा वाचलो. दुसऱ्या वेळचा धोका पहिल्याहून मोठा होता, हे आम्हाला नंतर समजले.

इंजिन बंद, काच उघडी

चालू इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे या वायूला धरून ठेवते, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मग मळमळते, मग गुंगी येते. जागा माणूस बाहेर पडेल, पण झोपलेल्याला ही गुंगी झोपच वाटते. चालत्या गाडीचा धूर मागे राहून जातो. उभ्या गाडीचा धूर तिच्याभोवतीच साचतो. सायलेन्सरला बारीक भोक असेल, किंवा त्याचे तोंड भिंतीला अथवा गवताला लागले असेल, तर धूर आत शिरायला वेळ लागत नाही. शेजारी जनरेटर किंवा ट्रकचे इंजिन चालू असेल तरी तोच धोका. म्हणून पहिला नियम असा की झोपताना इंजिन बंद, म्हणजे एसीही बंद. थंडीत गाडीत शेगडी ठेवणे तर कधीच नको. कोळशाच्या निखाऱ्यातूनही हाच वायू निघतो.

इंजिन बंद करून काचा मात्र गच्च लावल्या तर श्वासाने आतली हवा कोंदट होते, काचांवर पाणी धरते आणि झोप मोडते. समोरासमोरच्या दोन काचा निदान दोन बोटे खाली ठेवाव्यात, म्हणजे हवा आरपार खेळते.

गाडी आखूड का असते?

ब्रेझा, व्हेन्यू, नेक्सॉन, बोलेरो या सगळ्या गाड्या ४ मीटरच्या आतल्या आहेत. हा योगायोग नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरहून आखूड आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. तेव्हापासून कंपन्या कराच्या मापाने गाड्या बेतू लागल्या. इंजिन आणि पुढच्या सीटा आपली जागा घेतातच, म्हणून झोपणाऱ्याच्या वाट्याला आखूड बिछाना येतो.

आमच्या गाडीत मागची सीट पाडल्यावर पाच फुटांहून थोडीच अधिक जागा मिळाली. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवली की आणखी हातभर जागा निघते, पण तिथे पाय ठेवण्याचा खड्डा असतो. तो खड्डा पाण्याच्या कॅनने किंवा कापडाच्या ताग्यांनी सीटच्या पातळीपर्यंत भरावा. उंच माणसाने तिरके झोपावे. पाडलेली सीट सहसा सपाट नसते, एका बाजूला चढ राहतो. डोके नेहमी चढाकडे ठेवावे. वर फोमऐवजी कापसाची पातळ गादी टाकावी. फोम उबतो, कापूस घाम शोषतो. एवढे तर आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

कारागीर बांधवांसाठी

काच उघडी ठेवायची म्हटले की डास आले. त्यावर आम्ही मोहल्ल्यातल्या एका शिंप्याकडून मच्छरदाणीच्या जाळीच्या खोळी शिवून घेतल्या. उशीला अभ्रा चढवतात तशी खोळ दाराच्या चौकटीवर वरून चढवायची आणि दार लावून घ्यायचे. मग आतली काच हवी तितकी खाली करता येते. खालच्या काठाला इलास्टिक घातले की खोळ ताठ बसते. आधी कागदावर दाराचे माप काढावे, कारण प्रत्येक गाडीचे दार निराळे. जाळी काळी घ्यावी. पांढऱ्या जाळीपेक्षा काळ्या जाळीतून आतल्या माणसाला बाहेरचे अधिक स्पष्ट दिसते. दोन मीटरच्या आतबाहेर जाळी आणि तासाभराची शिलाई, एवढाच खर्च. ज्यांच्याकडे मशीन आहे आणि काम कमी आहे, त्यांनी जरूर विचार करावा.

आडोशासाठी सुती पडदे दोरीवर लावावेत, पण गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीच्या काचा झाकल्या तर दंड होतो. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच निर्बंध घातले आहेत.

जागा कोणती?

महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून कधीही झोपू नये. पहाटेच्या अंधारात डुलकी लागलेल्या ट्रकचालकाला तुमची उभी गाडी दिसत नाही. रात्रभर चालणारा पेट्रोल पंप किंवा ट्रक थांबतात तो उजेडाचा ढाबा पाहावा, मालकाला विचारावे, चहा-नाश्ता तिथेच घ्यावा. पावसाळ्यात घाटातल्या दरडीखाली आणि ओढ्याच्या पात्राजवळ थांबू नये. पूर्वेला भिंत किंवा झाड असेल अशी जागा शोधावी, नाहीतर उन्हाळ्यात सूर्य वर येताच गाडीची भट्टी होते.

झोपण्यापूर्वी हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक उघडे आहे का ते पाहावे. ते लागलेले असेल तर मागचे दार आतून उघडत नाही, आणि डिकीचे दारही बहुतेक गाड्यांत आतून उघडत नाही. म्हणून चालकाच्या सीटपर्यंतची वाट मोकळी ठेवावी आणि किल्ली रोज एकाच जागी ठेवावी. वसुलीची रोकड घेऊन झोपण्यापेक्षा ती दिवसाच बँकेत भरलेली बरी. माल बरोबर असेल आणि त्याला ई-वे बिल लागत असेल तर मुदत तपासावी. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. मुक्कामात मुदत संपली तर सकाळी तपासणीत अडकाल.

नफा कशात आहे?

आम्ही वर्षाकाठी लॉजचे किती पैसे वाचवतो याचा हिशेब एकदा केला होता. आता करत नाही. या मुक्कामाचा खरा नफा दुसराच आहे. रात्री दोन ते पहाटे पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत माणसाला झोप अनावर होते. तिथे पान-तंबाखू, चहा किंवा मोठ्याने लावलेली कव्वाली फार काळ उपयोगी पडत नाही. झोपेवर इलाज झोपच. गाडीत बिछाना तयार असला की थांबायला मन कचरत नाही. लॉज शोधायचे नाही, भाडे ठरवायचे नाही, वीस मिनिटांची डुलकी घेऊनही पुढे निघता येते.

उधारी आठ दिवसांनी मिळाली तरी चालते, घरचे मात्र आपली वाट त्याच रात्री पाहत असतात. तेव्हा बांधवांनो, डोळे जड झाले की गाडी सुरक्षित जागी उभी करा, घरी फोन करून सांगा, इंजिन बंद करा, काच दोन बोटे उघडा आणि निश्चिंत झोपा. बाजार सकाळीच भरतो.