डॉलर महागला: तुमचं उत्पादन वाढेल की घटेल?

रुपया घसरला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "निर्यातवाल्यांची चांदी!" पण हे अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं आज हिशोबाने बघू.

2022 च्या सुरुवातीला डॉलर साधारण 74 रुपयांना होता. ऑक्टोबरमध्ये त्याने 83 ओलांडले. म्हणजे सुमारे 12 टक्के महाग.

आता दोन धंदे घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत.

पहिला, कोल्हापुरी चप्पल. समजा, परदेशात जोड 20 डॉलरला जातो. आधी 1480 रुपये मिळायचे, आता 1660. चामडं इथलं, कारागीर इथले. म्हणजे खर्च जवळपास तोच आणि वरचे 180 रुपये हातात. त्यातून भाव थोडा कमी करून जास्त ऑर्डर घेता येते, दोन कारागीर वाढवता येतात. देशातलं उत्पादन वाढतं ते असं. पण लगेच नाही हं! ऑर्डर यायला आणि हात तयार व्हायला काही महिने जातात.

दुसरा, फरसाण. विक्री पूर्ण गावातच, डॉलरशी संबंध काय? आहे ना! पामतेल येतं इंडोनेशिया-मलेशियातून. 100 रुपयांच्या मालात तेल 30 रुपयांचं आणि नफा 10 रुपये धरा. जागतिक भाव तोच राहिला, तरी तेलाचा खर्च 3 रुपये 60 पैशांनी वाढतो. नफा उरतो 6 रुपये 40 पैसे. भाव वाढवला तर गिऱ्हाईक पाव किलोवर येतं आणि घाणा कमी काढावा लागतो. इथे उत्पादन घटतं. शिवाय आपण बहुतेक कच्चं तेल आयात करतो, त्यामुळे डिझेल आणि भाड्याची टांगती तलवार दोघांवरही असते.

म्हणून एकच प्रश्न विचारा: माझ्या कमाईत डॉलर जास्त, की खर्चात?

आज वहीत तीन गोष्टी लिहा:

1. कच्च्या मालापैकी कोणता माल बाहेरून येतो? दुकानदाराकडून घेतला तरी मूळ कुठलं ते विचारा.
2. तो 10 टक्के महागला, तर एका नगामागे नफा किती उरतो?
3. कोटेशनवर "दर 15 दिवसांपुरता" असं लिहिलंय का?

रुपया आपल्या हातात नाही, कोटेशन आहे. आधी ते नीट करा!